झोपेचं चित्र

म्हटलं, ‘आज झोप काढा.’
निम्म्या वर्गानं वहीवर डोकीच टेकली.
‘कागदावर, लेकरांनो,’
तेव्हा कुठं रंगपेट्या उघडल्या.

वाघंबरनं काढली बाज,
बाजेपेक्षा मोठा डास,
आणि झोपलेल्या सगळ्यांचे डोळे टक्क उघडे.
‘मिटल्यावर सपान कसं दिसंल, बाई?’

अंजुमच्या चित्रात सूर्य अगदी डोक्यावर,
खाली अब्बा आडवे,
मिशीत कापूस,
आणि तोंडातून निघून
पत्र्यापर्यंत चढत गेलेले
२ २ २.
मी लाल पेन काढला.
‘इथं पाढे काहून गं?’
‘कार्टूनमधी मांजर झोपलं की असंच निघतंय.’

सेलूच्या जिनिंगमधून
रातपाळी करून आलेला माणूस
असाच झोपत असणार भर दुपारी,
दोन, दोन, दोन,
पंख्याखाली, पडद्याच्या जागी चादर.

कोपऱ्यात तिनं स्वतःलाही काढलंय,
ओठांवर बोट.
बोट जरा मोठंच झालंय,
हातापेक्षा लांब.
खोडून पुन्हा काढलेलं दिसतंय,
पुन्हा तेवढंच.

घंटा झाली.
वर्ग ओरडत मैदानात सुटला,
अंजुम सगळ्यांत मोठ्यानं.