दोन्हीकडून

तिकिटाच्या खिडकीत हारीलाओस बसतो,
सुटे पैसे मोजतो, डोक्यांची मापं घेतो.
पिवळं हेल्मेट लहान, पांढरं मोठं.
"वाका," तो म्हणतो, येतील तेवढ्या भाषांत,
"डोंगर कुणासाठी उंच होत नाही."

सामोसच्या बंदरात नऊला बोट लागते,
साडेनऊला बस चढावर धापा टाकते.
उतरणाऱ्यांच्या हातात एकच नकाशा,
तोंडात एकच प्रश्न:
एका दिवसात काय काय बघून होईल?

तो सांगतो. पाठ झालंय म्हणून सांगतो.

पश्चिमेला हेरेचं देऊळ, म्हणजे आता एक खांब.
दीडशेच्या वर होते.
उरला तोही सरकलेला,
धक्का लागून न पडलेल्या उतरंडीसारखा.
जिच्याखाली देवी जन्मली म्हणतात,
ती निर्गुडीच्या जातीची झुडपं
ओढ्याकाठी अजून उगवतात, जांभळी,
त्यांना अजून तिकीट नाही.

उत्तरेला धबधबे. छातीभर पाण्यातून जायचं,
मोबाइल डोक्यावर धरून.
खेकडे असतात. चावत नाहीत,
पाव्हणे आल्यासारखे दारात येऊन बघतात.

तळ्याकाठच्या झाडीत शॅमेलिऑन आहे.
त्याला शोधू नका,
त्याने तुम्हाला केव्हाच पाहिलंय.

आणि समोर ते निळसर,
ढग नव्हे, तुर्कस्तान.
हारीलाओसचे आजोबा तिथूनच आले,
होडीत, मांडीवर शिवणयंत्र घेऊन.
हे तो कुणाला सांगत नाही,
नकाशात नाही म्हणून.

मग बोगदा.
आत गार. भिंतींवर छिन्नीचे वार
कालच घातल्यासारखे.
"दोन टोळ्या होत्या," तो सांगतो,
"एक ह्या अंगाने, एक त्या अंगाने.
तेलाचे दिवे. मध्ये अख्खा डोंगर.
आकाश नाही, तारा नाही, धरून चालावं असं काही नाही.
मधोमध हे वळण बघा.
सरळच गेलो तर शेजारून निघून जाऊ,
हाताच्या अंतरावरून, आणि कळणारही नाही,
हे त्यांना ठाऊक होतं.
म्हणून वळले."

एकवीस वर्षं
तो हे वाक्य म्हणतो आहे.

पलीकडे आघीयादेस. पाणी तिथून यायचं.
झऱ्यावर खोलीएवढं चर्च,
त्याच्या पायऱ्या झाडते अर्गिरो,
हारीलाओसची बहीण.
आईच्या मस्काट द्राक्षांच्या तीन पट्ट्या,
कुणाच्या किती, ह्यावरून बोलणं तुटलं.
पट्ट्यांत आता झुडपं माजलीत,
वाटणी करायला काही उरलं नाही,
तरी बोलणं तुटलेलंच.

आज एका शाळकरी पोरीने विचारलं,
पिवळं हेल्मेट डोळ्यांवर आलेलं:
"पलीकडचा ठोका
आधी कुणी ऐकला?"

"माहीत नाही," तो म्हणाला.
(त्याला नेहमी काही ना काही माहीत असतं.)

संध्याकाळी हेल्मेटं खुंट्यांना टांगली,
दार लावायच्या आधी
एकटाच आत गेला, वळणापर्यंत.
दगडाला कान लावला.
थेंब पडत होता कुठेतरी,
आणि त्याचंच रक्त कानात.
थोडा वेळ किल्लीने दगडावर वाजवून पाहिलं,
मग लाजून, कुणी नसताना,
किल्ली खिशात टाकली.

डोंगराला वळसा घालून आघीयादेस
अकरा मिनिटं.
घर दुसरीकडे.

फाट्याशी त्याची जुनी पिकअप उभी आहे.
मागच्या सीटवर न विकलेली पोस्टकार्डं,
सगळ्यांवर तोच एक खांब.
इंडिकेटर लावलाय, घराकडचा नव्हे.
टिक. टिक. टिक.

मागच्या गाडीने हॉर्न दिला.
"थांब रे," तो म्हणाला,
"ऐकतोय."