कैची क्रमांक सात

इतवारीच्या मागं, अरुंद रूळ जिथं गवतात संपतात,
तिथं ही मालधक्क्याची शेड.
बारा कैच्या, सगळ्या सागाच्या.
आलापल्लीचा असावा.
'असावा' अहवालात चालत नाही,
म्हणून लिहिलं: साग, मूळ जंगल अनिश्चित.

मे महिना. सकाळी नऊलाच
टेपची पोलादी पट्टी चटका देते.
खाली अफरोज ओळंबा धरून,
वर परांचीवर मी, गुडघ्यांना कबुतरांची शीट,
आणि गालात खर्रा धरून शालिक मिस्त्री
नुसत्या नजरेनं सांगतात,
"सतरा फूट अन् वर चार बोटं. लिवा जी."
मी मोजते. सतरा फूट तीन इंच.
चार बोटं म्हणजे तीन इंचच.

मग ठोकून ऐकायचं.
निरोगी लाकूड टण्णकन उत्तर देतं,
वाळवीनं खाल्लेलं नुसतं खोकतं.
चौथीचा पाय खोकला.
नववीनं उत्तरच दिलं नाही.

सातवीचा मधला खांब आखूड निघाला.
दोनदा मोजला, तिसऱ्यांदा अफरोजला चढवलं.
दहा सूत कमी, म्हणजे सव्वा इंच,
आणि त्या फटीत
बाभळीची एक पाचर, अशी बसलेली
की पोस्टकार्डही आत जाईना.

तुळईची वरची बाजू पुसली.
शिसपेन्सिलीतली बेरीज, उभी मांडलेली:
अठ्ठावीस, छत्तीस,
खाली रेघ, आणि चोपन्न.

मिस्त्री वाकले. खर्रा थुंकायला जागा नव्हती,
गिळला बहुतेक.
"हातचा इसरलास ना बे?"
त्याला म्हणाले,
जणू तो शेजारीच पाय सोडून बसलाय.
मग पाचरीवरून अंगठा फिरवत,
"पण भरली मस्त."

अहवालाच्या रकान्यात: दोष, खांब आखूड.
दुरुस्ती, पाचर, मूळ बांधकामाच्या वेळचीच.
कधी लक्षात आलं त्याला, कोण ओरडलं,
की कोणाला कळायच्या आत संध्याकाळी एकट्यानंच ठोकली,
त्याला रकाना नाही.

एकास पन्नासच्या नकाशात
ती पाचर रेघेच्या जाडीतच बुडून जाते.
म्हणून वेगळा कागद घेतला
आणि आहे तेवढीच काढली,
शेजारी बेरीज, चोपन्न, न सुधारता.

सोमवारी शेड पाडणाऱ्याचा माणूस आला,
खडूनं आकडे टाकत गेला
पलीकडच्या टोकापासून.
त्याची सहा म्हणजे माझी सात.