मिटलेले डोळे

ल्याओनिंगच्या थंडीत शुए रुइलान
सुईने दगड कोरते. दिवसाकाठी नखाएवढा.
पाटीसारखा उकललेला खडक:
एका फाळीत हाडं, दुसरीत त्यांचा ठसा,
आणि पाठीच्या कडेने
काजळी धरावी तशी केसाळ रेघ.
पिसं.

तिळाहून लहान कपची काढून
तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली,
शेजारी आईच्या तांबड्या कोंबडीचं पीस.
(आई म्हणाली होती, एकच उपट हं,
थंडी तिलाही आहे.)

पिसात रंगाचे कण गोल.
दगडातही गोल.
साडेबारा कोटी वर्षं, आणि अजून तांबूसच.
लांबट असते तर काळा म्हणाली असती.

शेपटीवर मात्र एक पट्टा सोडून एक
कणच नाहीत.
तिथे पांढरा होता,
की तिथलं काही टिकलंच नाही?
तिने वहीत दोन्ही लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह, जरा मोठंच.

चित्रकार फान दारातच उभा, कुंचला ओला.
"आणि डोळे?"
"डोळ्यांचं दगड बोलत नाही."
"मग काय रंगवू?"

रुइलान बोटांवर फुंकर घालते,
पुन्हा सुई उचलते.
"झोपलेला काढ."