हवेचं माप

ट्रेलर घेतला तेव्हा त्याच्या पोटात
दोन घडीच्या खुर्च्या होत्या, एक मोठी छत्री,
गॅसची छोटी टाकी, नायलॉनची दोरी
आणि एक फावडं. ते कशाला, विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं.
कन्नमवार नगरात, आमच्या इमारतीच्या मागे,
तो उभा आहे सव्वा वर्ष.
अजून ऐरोलीचा पूलसुद्धा त्याने पाहिलेला नाही.

कुत्रे दोन. मुकादम आणि पपई.
मुकादम, कारण कुठलंही काम चालू असलं
की मागे उभा राहून बघतो, तोंडात बिडी तेवढी नसते.
पपई पपईच्या झाडाखाली सापडली, बाकी काही नाही.

चौबळांनी नोटीस लावली: कुत्रे जिन्यात नकोत.
शालनने नियमावली मागवून घेतली,
चष्मा पुसून दोनदा वाचली.
"जिना आहे, गच्ची आहे, टाकीजवळची जागा आहे,
वाहनाच्या आत, असं कुठेच नाही."

मग मी पक्कड काढली.

तीस वर्षं डेपोत पत्रा मारला आहे मी.
डबलडेकरची चेपलेली बाजू
दुपारच्या डब्याआधी सरळ केलेली आहे.
तेव्हा पाच फूट बाय अडीच, उंची बावीस इंच,
हे काय काम आहे, असं मनवेलला म्हटलं.
मनवेल म्हणाला, "सामानाला श्वास लागत नाही, दादा,"
आणि ड्रिलचं बिट शोधायला लागला.

बारा भोकं पाडून झाल्यावर
मी स्वतः आत जाऊन झोपलो.
बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे हनुवटीला.
लाव दार, म्हटलं. दहा मिनिटं.
एप्रिल, दुपारचे अडीच.

पहिल्या मिनिटाला नुसता रबराचा वास.
दुसऱ्याला पत्रा बोलायला लागला, टिक, टिक, ऊन पीत.
उजेडाची बारा नाणी पोटावर पडलेली,
आणि बाहेर पाय. नुसते पाय.
वादी तुटलेले, क्लासला उशीर झालेले,
सिलिंडर लोळवत नेणारे.
एक जोडी थांबली, पॉलिश केलेली.
"घोसाळकर कुठे आहेत?"
मनवेल म्हणाला, "आत."
बूट थोडा वेळ तसेच राहिले,
मग काही न विचारता निघून गेले.
घाम कानात उतरला होता.

चौथ्या मिनिटाला मी पत्रा ठोकला.

बाराची एकशे चाळीस झाली भोकं,
समोरासमोर, म्हणजे वारा आत येऊन
पलीकडून निघून जाईल,
चहा होईपर्यंत बसून राहणार नाही.
वर थर्माकोल, त्याखाली प्लाय.
कडा पॉलिश पेपरने घासल्या, बोट फिरवलं,
मग गाल फिरवला,
कारण कुत्रा काही बोट फिरवत नाही.
खाली मुलाने पाठवलेली योगाची चटई,
जी या घरात कोणी उलगडली नव्हती.
कडी अशी बसवली की आतूनही उघडेल.
मनवेल हसला, "कुत्रा कडी उघडणार?"
म्हटलं, मला तरी कुठे उघडता आली?

रात्री पपई सरळ आत गेली,
तीनदा गोल फिरली, झोपली.
मुकादमाने एकेक रिव्हेट हुंगला.
सातवा जरा तिरका बसलाय, तिथे थांबला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि ट्रेलरच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये,
ग्रीसच्या डागावर जाऊन पसरला.
मी काय म्हणणार? माझं काम
जन्मभर असल्यांनीच तपासलं.

शालन खाली आली, हातात नकाशा,
गुहागरभोवती पेनाने केलेला गोल,
तोही आता पुसट होत चाललेला.
"खुर्च्या कुठे ठेवायच्या मग?"
वर गॅलरीत नेल्यात, राहू देत तिथेच.
"आणि तिकडे गेल्यावर बसायचं कशावर?"

चाकावर शेपटी एकदा आपटली.

फावडं आहे ना, म्हटलं,
वाळू जराशी सपाट करून घेऊ.