दाबा, धरा, सोडा

शिरडशहापूरच्या वळणावर
डाव्या चाकातून आवाज यायचा, कट कट कट,
आत कुणी अडकित्ता घेऊन बसल्यासारखा.
मुजाहिद वाकून म्हणाला, सिस्टर, एक्सल गेला.
रबर फाटलं, ग्रीस उडालं, आत सगळी माती.
अन् ब्रेकपॅड तर पार पत्र्यापर्यंत नेलेत तुम्ही.
मग त्यानं पैसे सांगितले.
मी मनात हिशेब केला
अन् त्याचे पाने तेवढे मागून आणले,
शुक्रवारी त्याचं गॅरेज बंद असतं म्हणून.

नांदेडहून यष्टीनं पार्सल आलं,
वसमतच्या स्टँडवर कंडक्टरनं पायानंच पुढं सरकवलं.
पोत्यात गुंडाळलेला एक्सल,
काखेत मारला तर वर्षाच्या लेकरागत जड.

मधला नट काही हलेना.
पान्याला बोअरच्या पाइपचा तुकडा लावला,
त्यावर उभी राहिले, अख्खी, पंचावन्न किलो.
नटासोबत चाकच फिरायचं.
ब्रेक दाबून धरायला माणूस पाहिजे होतं.
त्यांचा लेक चाकणला, कंपनीत.
ओट्यावर आत्याबाई हळकुंडं निवडत होत्या,
माझ्याकडं पाठ करून.
ही पाठ जुनी होती,
गाडी लेकाच्या नावानं न घेता
मी माझ्या नावानं घेतली तेव्हापासूनची.

आत्याबाई, जराशिक बसता का?
कुठं?
ड्रायव्हरच्या जागी.
त्यांनी हात पदराला पुसले, पदर पिवळा झाला.
चपला बाहेर काढून आत बसल्या.
मशीनच्या पायडलावाणी असतंय का हे?
तसंच. फक्त मारायचं नाही, दाबून धरायचं.
चाळीस वर्षं गल्लीच्या चोळ्या शिवलेला पाय
हलला नाही.
नट कडाड सुटला, मी मातीत बसले,
आतून हसू आलं का खोकला, कळलं नाही.

मग जॅक. काळ्या रानाची माती,
गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जायचा.
धुण्याचा दगड ओढून आणला.
धुणं कशावर आपटू मी?
उद्या आपटा.
गिअरबॉक्समधून एक्सल उपसला की तेल पडतं,
पसरट काहीतरी पाहिजे, अन् घरात पसरट म्हणजे परात.
हे मी मागायला धजले नाही.
थोड्या वेळानं चाकाखाली परात सरकत आली,
मागून बांगड्यांचा हात.
ही जुनी हाय, म्हणल्या. चिरलीय कडंला.
चिरलेली नव्हती.

नवा एक्सल आत बसला, टक्.
हा आवाज लिहून दाखवता येत नाही.
नवे पॅड, नवी ब्रेकची नळी.
नळी बदलली की आत हवा राहते,
पाय खोल जातो अन् गाडी थांबत नाही.
निपलला मी सलाइनची नळी जोडली,
दुसरं टोक औषधाच्या रिकाम्या बाटलीत.
हवा काढायचं काम मला नवीन नाही.

दाबा.
धरा.
सोडा.
बुडबुडे येत होते, मोठे, मग मोहरीएवढे.
चाकाआडून त्यांचं तोंड दिसत नव्हतं,
माझं त्यांना.
दाबा. धरा. सोडा.
सातव्या का आठव्या खेपेला
माझ्या तोंडून नुसतं दाब गेलं.
मी पाना धरून तशीच थांबले.
वरून आवाज आला, दाबलंय.
मग, धरलंय.
मग, सोडू का गं?

पुढचं लवकर झालं. बोट कापलं,
त्या हळद घेऊन आल्या, मी बेटाडीन,
शेवटी दोन्ही लावलं.

संध्याकाळी औंढ्याच्या रस्त्याला एक चक्कर.
डाव्या सीटवर आत्याबाई, चपला मांडीवर.
वळण आलं. चाक गप्प.
समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा,
मी ब्रेक दाबला
अन् सहज बघितलं तर डाव्या बाजूला,
जिथं काहीच नसतं, नुसता रबरी मॅट,
तिथं त्यांचाही पाय
दाबलेला.
ट्रॅक्टर गेला. मी पाय काढला.
त्यांनी नाही.
सोडा म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं,
म्हणलं नाही.