मधून बाहेर

सिरपूरच्या पाळीवर साहेब आले,
बूट चिखलात जाणार नाहीत अशा बेतानं उभे राहिले,
म्हणाले, केवढा हा गबाळेपणा!
आपल्या शहराचा देशात पहिला नंबर आहे, बाई.

खरंच आहे.
माझ्या गल्लीत रोज गाडी येते,
मी लिंबाची सालसुद्धा विचारून टाकते.
पण इथे पडलंय ते कुणी टाकलेलं नाही.
त्या वाळक्या पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या राहतात,
ती वठलेली बाभूळ म्हणजे पाणकावळ्यांची
ओले पंख वाळत घालायची दोरी,
आणि तुमचा बूट ज्याला नको म्हणतोय
तो चिखल चक्रांग बदकांचं ताट आहे.

बेशरम तेवढी उपटतो आम्ही.
दर रविवारी, कंबरभर पाण्यात,
मी, फिरोझ आणि शिलाईच्या दुकानातल्या खानविलकर.
पुढच्या रविवारी ती पुन्हा उभी.
नावाला जागते.

मोरीची फळी गेंदालालकडे.
पाऊस सरला की आठवड्याला दोन बोटं पाणी सोडायचं,
तिसरं नाही.
एकदम उपसलं तर बदकं येतात, एक घिरटी घालतात
आणि निघून जातात,
भाड्याची खोली न आवडल्यासारखी.

पलीकडच्या माळावर मात्र हुकूम बगदीरामचा.
वय एकोणऐंशी. तरुणपणी
घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास लावून
लावे धरायचा,
छावणीत विकायचा, आठ आण्याला जोडी.
(हे सांगताना तो हात पाठीमागे धरतो.)
कोण कुठे निजतं, पिल्लं घेऊन कुठल्या जाळीत शिरतं,
त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

पहिल्या वर्षी आम्ही गवत कडेनं कापत गेलो,
गोल गोल, आत आत, अगदी नीटनेटकं.
शेवटी मधे खाटेएवढं उरलं,
आणि त्या खाटेवर माळावरचे सगळे तित्तर.
यंत्र थांबायला वेळ लागला.

बगदीरामनं धोतराच्या सोग्यात पिसं गोळा केली.
संध्याकाळी म्हणाला,
बीच से काटो बाई, बाहर की तरफ.
ज्याला जायचंय
त्याच्या पाठीशी भिंत नको, दार हवं.

तेव्हापासून मधून बाहेर.
वेळ जास्त लागतो, दिसायला वेडंवाकडं दिसतं,
कडेची दोन हात पट्टी तर आम्ही कापतच नाही.
साहेब, तुमच्या कागदात सुशोभीकरण आहे,
पेव्हर ब्लॉक आहेत, रंगीत दिव्यांचं कारंजं आहे.
दार कुठल्या रकान्यात लिहू?

साहेबांनी घड्याळ पाहिलं. वळले.
तेवढ्यात पायाजवळच्या गबाळातून
फर्रर्र
एक लावा उठला,
आणि साहेब घोट्यापर्यंत बदकांच्या ताटात.

फिरोझ हसला. मीही, तोंड फिरवून.
बगदीराम नाही हसला.
तो गवताकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजत होता,
पहिल्यामागून उठलेले:
चार, पाच,
थांबा, अजून एक आहे.