एकास बारा

चौतीस वर्षं प्रतापनगरच्या ड्रॉइंग ऑफिसात
मी रेल्वेसाठी जिने काढले.
पुलांचे, क्वार्टरांचे, सिग्नल केबिनचे.
पाऊल अकरा इंच, उंची सहा,
हात आपोआप चालायचा.
म्हणून कलालीच्या प्लॉटवर धनजीभाईंनी
नकाशा उलटासुलटा करून विचारलं,
"बेन, दादर क्यां?"
तेव्हा मला हसूच आलं.

दादर नाही. वर काही नाही.
सगळं एका ओळीत, जमिनीवर.

निखिलेशनं डॅलसहून फोटो पाठवला होता:
गवतात कुशीवर झोपल्यासारखं लांबलचक घर.
रँच म्हणतात याला, मावशी.
कुमुदनं फोन डोळ्यांशी नेला,
बोटांनी मोठा केला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवला
आणि म्हणाली, "यात मी सगळीकडे जाऊ शकते."
झालं. घर ठरलं.

लोकांचं ठरेना.
शेजारचे अमीन म्हणाले,
जमीन सोन्याच्या भावात, आकाश फुकट, घ्या की.
सुर्वेकाका म्हणाले,
वरचा मजला रिकामा असलेली माणसं पाहिली,
तुम्ही तर मजलाच उडवलात.
आणि शेवटी सगळेच, आवाज खाली आणून:
पूर आला तर जाल कुठं?

हा प्रश्न मात्र खरा.
विश्वामित्री येते तेव्हा एकटी येत नाही,
मगरी घेऊन येते.
कुंपणाच्या भिंतीवर मागच्या पुराची
चिखलाची रेघ होती अजून.
टेप लावला. दोन फूट सात इंच.
म्हणजे जोतं तीन फूट.
म्हणजे सहा पायऱ्या.
कुमुदला एकही चढता येत नाही.
चाकाच्या खुर्चीला उतार लागतो
एकास बारा.
तीन गुणिले बारा.
पायरीशी आमचा जन्माचा छत्तीसचा आकडा,
तो असा कागदावर येऊन बसला.

फाटकापासून निघून, सीताफळाला वळसा घालून
उतार दारापर्यंत पोचला,
तेव्हा धनजीभाईंनी कपाळाला हात लावला:
बेन, यावरून तर मगरसुद्धा चालत येईल.
"येऊ दे," कुमुद म्हणाली,
"तिला तरी कुठं जिना चढता येतो?"

त्यानंतर त्यांनी दादराचं नाव काढलं नाही.
टाकी धुवायला तेवढी मागच्या भिंतीवर
एक लोखंडी शिडी ठोकून दिली.

दांडिया बाजारात आम्ही सात जण, दोन खोल्या.
मे महिन्यात झोपायला गच्चीवर:
गाद्या, तांब्या, उशांवरून भांडणं.
कुमुद खाली.
आई तिच्यापाशी बसायची,
तिचा डोळा लागला असं समजून वर यायची.
आम्ही सगळेच तसं समजायचो.
हे नकाशात कुठं लिहिलेलं नाही.
नकाशात फक्त मापं.

चैत्रात राहायला आलो.
एकाही दाराला उंबरा नाही.
पहिल्या संध्याकाळी ती
स्वयंपाकघरापासून पार मागच्या खोलीपर्यंत
एका दमात गेली, परत आली, परत गेली,
नव्या कोट्यावर चाकांच्या ओल्या रेघा.
मी पुसल्या नाहीत.

रात्री दोनला हाक आली.
पाणी ठेवलं होतं उशाशी, पंखा चालू होता.
"झोप येत नाही गं," ती म्हणाली.
"वर कुणीच नाही."

मी काही बोलले नाही.
मागच्या दारानं बाहेर पडले,
चपला काखोटीला मारल्या, गाऊन खोचला
आणि चौसष्टाव्या वर्षी शिडी चढले,
दर पावलाला गुडघ्याच्या शिव्या खात.
वर काळी टाकी, दूर हायवेचे दिवे,
स्लॅब दिवसभराचा तापलेला.
चपला घातल्या. चालले.
लांब घर, तेवढंच लांब छत.
जरा टाच आपटूनच चालले.

खाली आले तर तिचा दिवा बंद होता.
अंधारातनं म्हणाली,
"एकशे बारा.
मधे टाकीपाशी थांबली होतीस."